हिवाळ्याची गाडी

वस्तु घ्यावयाची ती टिकावी म्हणून, हा आपल्या मध्यमवर्गीय घरांचा कुलाचार आहे. पितळेचा डबा घेतला तर तो पुढें सुनेच्या हातीं जावा, शालू घेतला तर तो नातीनेंहि एकदां नेसावा, घड्याळ घेतलें तर तें बापाच्या मनगटावरून मुलाच्या मनगटावर चढावें, असा आपला हिशेब असतो. चांगली वस्तु कपाटांत ठेवून सामान्य वस्तूवर दिवस काढणें ही याच आचाराची दुसरी बाजू. पाहुण्यांच्या कपबशा निराळ्या आणि घरच्या, कान तुटलेल्या, निराळ्या, हें ज्यानें लहानपणीं पाहिलें नाहीं असा मराठी वाचक विरळा. आम्हीहि अशाच घरांत वाढलों. आणि तरीहि जी आठ-दहा वर्षांत कुजून जाणार हें आम्हांस पुरतें ठाऊक होतें, अशी एक जुनी पिक-अप गाडी आम्हीं रोख पैसे मोजून विकत घेतली. ती कुजावी म्हणूनच घेतली असें म्हटलें तरी फारसें चुकणार नाहीं.

हा व्यवहार समजण्यास आधीं आमचें गांव समजावयास हवें. आम्ही राहतों तें बफेलो शहर अमेरिकेंतील न्यू यॉर्क राज्याच्या पश्चिम टोंकाला, ईरी सरोवराच्या पूर्व काठावर वसलें आहे. न्यू यॉर्क म्हटलें कीं आपल्या लोकांच्या डोळ्यांपुढें उंच इमारतींचें शहर उभें राहतें. परंतु तें आमच्यापासून मोटारीनें सहा-सात तासांच्या वाटेवर, आणि आमचा हिवाळा त्या शहराच्या हिवाळ्याचा थोरला भाऊ शोभेल असा. थंड कोरडी हवा सरोवराच्या अद्याप न गोठलेल्या पाण्यावरून लांबवर वाहत येते, वाटेंत पोटभर बाष्प पिऊन घेते, आणि काठ लागतांच तें बर्फाच्या रूपानें टाकून देते. हा पट्टा कित्येकदां इतका अरुंद असतो कीं एका बाजूस हाहाकार व दुसऱ्या बाजूस ऊन. नोव्हेंबर २०१४ मध्यें शहराच्या दक्षिणेकडील उपनगरांत पांच फुटांहून अधिक बर्फ पडला, आणि त्याच वेळीं उत्तरेकडील वस्त्यांचें कांहीं इंचांवर भागलें. महाबळेश्वरचा पाऊस आणि वाईचा पाऊस यांतील अंतर ज्यांनीं पाहिलें आहे त्यांना याचें नवल वाटावयाचें नाहीं.

या बर्फाशीं लढण्याचें येथील मुख्य हत्यार म्हणजे मीठ. खाणींतून काढलेलें जाडेंभरडें मीठ मोठमोठ्या ट्रकांतून रस्त्यांवर उधळीत जातात. मिठानें पाण्याचा गोठणबिंदु खालीं उतरतो, आणि उणे नऊ-दहा सेल्सिअस अंशांपर्यंत रस्ता बऱ्यापैकीं मोकळा राहतो. त्याहून कडक थंडी पडली तर मिठाच्या जोडीला कॅल्शियम क्लोराइड घ्यावें लागतें. न्यू हॅम्पशायर राज्यांत १९३८ सालीं याचे प्रयोग झाले, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ही रीत सगळ्या हिमप्रदेशांत रूढ झाली. आमच्या राज्याला हें मीठ दुरून आणावें लागत नाहीं, तें त्याच्या पोटांतच आहे. बफेलोहून अडीच तासांच्या वाटेवर असलेल्या सिरॅक्यूज शहराचें टोपणनांवच मुळीं 'मिठाचें शहर'. तेथील खाऱ्या झऱ्यांचें पाणी आटवून एकोणिसाव्या शतकांत मीठ काढीत, आणि १८२५ सालीं पुरा झालेल्या ईरी कालव्याच्या खर्चाचा कांहीं भाग त्या मिठावरील करांतून उभा राहिला. मिठावरील कर म्हटला कीं आमचें मन १९३० सालच्या शिरोड्याकडे आणि वडाळ्याकडे धांव घेतें. त्याच नांवाच्या करानें इकडे एक कालवा बांधला, हें प्रथम वाचलें तेव्हां आम्हांस थोडें चमत्कारिकच वाटलें.

आपल्या भाषेंत मीठ म्हणजे इमान. खाल्ल्या मिठाला जागावें, असें आपण म्हणतों. इकडे मीठ स्वतःच खात असतें, आणि तें खातें लोखंड. पाणी आणि हवा यांच्या संगतींत लोखंड गंजावयाचेंच; परंतु त्या पाण्यांत मीठ विरघळलें म्हणजे तें विजेचें चांगलें वाहक बनतें आणि गंजण्याची क्रिया झपाट्यानें चालूं लागते. गाडी वरून चकचकीत असते, आणि खालीं ब्रेकच्या नळ्या, तेलाचें भांडें, दारांचे खालचे कांठ, आणि जिच्यावर सारी गाडी उभी असते ती चासी, हीं सारीं आंतून पापुद्र्यापापुद्र्यानें सुटत जातात. टोयोटा कंपनीनें आपल्या १९९५ ते २००० सालच्या टॅकोमा नांवाच्या गाड्यांपैकीं ज्यांच्या चासी गंजून पोखरल्या होत्या त्या, २००८ सालीं, बाजारभावाच्या दीडपट रक्कम देऊन मालकांकडून परत घेतल्या, यावरून या रोगाची कल्पना यावी.

म्हणूनच येथें पुष्कळ घरांत चांगली गाडी नोव्हेंबरपूर्वीं आच्छादनाखालीं जाते आणि हिवाळ्यासाठीं एखादी म्हातारी गाडी दारांत उभी राहते. तिला 'विंटर बीटर' म्हणतात. हिवाळ्याचा मार खाणारी ती. पाहुण्यांच्या कपबशांचा न्यायच मोटारींना लावलेला! हें पाहून परदेशांतहि आम्हांस घरच्यासारखें वाटलें. आमच्या दारीं मात्र झांकून ठेवावी अशी गाडी नव्हती. एक साधी, लहान, पुढच्या चाकांवर चालणारी गाडी होती, आणि तिच्याविषयीं आमची कांहीं तक्रार नव्हती. गरज निराळीच होती.

आमच्या सौभाग्यवती येथील एका रुग्णालयाच्या डायालिसिस विभागांत परिचारिका आहेत. ज्यांचीं मूत्रपिंडें निकामी झालीं आहेत अशा बहुतेक रुग्णांना आठवड्यांतून तीन वेळां, दर खेपेस सुमारें चार तास, त्या यंत्राला जोडून घ्यावें लागतें. खेप चुकली तर अंगांत पाणी सांठूं लागतें, रक्तांतील पोटॅशियम वाढतें, आणि हृदयाला धोका उत्पन्न होतो. शाळा बंद ठेवतां येते, कचेरी बंद ठेवतां येते, हा विभाग बंद ठेवतां येत नाहीं. पहिली पाळी पहांटे पांचला भरते. म्हणजे रस्ते साफ करणारा नांगर आमच्या गल्लींत येण्याच्या आधींच सौभाग्यवतींना गल्लीबाहेर पडावें लागतें.

त्यांत २०२२ सालचा नाताळ आला. २३ डिसेंबरच्या सकाळीं सुरू झालेलें हिमवादळ सुमारें ३७ तास अखंड चाललें. वाऱ्यामुळें उडणाऱ्या बर्फांत गाडीच्या नाकापुढचें दिसेना. मदतीला निघालेल्या गाड्याच जागोजागीं रुतून बसल्या. बफेलो आणि आसपासच्या भागांत चाळीसांहून अधिक माणसें दगावलीं: कांहीं आपल्याच मोटारींत, कांहीं पायीं जातां जातां रस्त्यावर, कांहीं वीज गेलेल्या गारठलेल्या घरांत. सौभाग्यवती त्या सकाळीं कामावर होत्या. बदलीचें माणूस येऊं शकलें नाहीं, आणि त्या घरीं आल्या त्या चौथ्या दिवशीं. ते तीन दिवस आम्हीं कसे काढले हें येथें लिहीत नाहीं. टेलिफोन चालू होता एवढें पुरे.

जानेवारींत एका रात्रीं जेवतांना त्या म्हणाल्या, "अहो, आपण एक जुनी फोर-व्हील पिक-अप घेऊं या."

"त्या वादळांत रणगाडासुद्धां चालला नसता," आम्ही म्हणालों.

"त्या वादळासाठीं कोण म्हणतंय? वादळ आलं तर मी तिथंच राहीन. मला इतर पन्नास-साठ सकाळींसाठीं हवी आहे."

या उत्तरावर आम्हांस बोलण्यासारखें कांहीं उरलें नाहीं. माणूस संकटाचा विचार करूं लागला कीं त्याला मोठें संकटच दिसतें, आणि त्याच्याशीं तुलना करून तो लहान उपाय हंसण्यावारी नेतो. सौभाग्यवतींचा हिशेब गृहिणीचा होता. महापूर घरांत शिरला तर छत्रीचा उपयोग नाहीं, म्हणून कोणी पावसाळ्यांत छत्री घ्यावयाचें सोडीत नाहीं.

मग शोध सुरू झाला. नवी गाडी आम्हीं आरंभींच वगळली. एक तर तिची किंमत आमच्या आवांक्याबाहेर, आणि दुसरें म्हणजे नवी गाडी मिठांत घालण्यास आमचें मन धजेना. जुन्या गाड्या मात्र स्थानिकच, आणि स्थानिक गाडी म्हणजे वर रंग आणि खालीं राख. आमच्या ओळखीच्या मिस्त्रीनें आम्हांला एकच हत्यार दिलें: लहानशी हातोडी. गाडीखालीं पाठीवर सरकावयाचें आणि चासीवर ठिकठिकाणीं हलकेच ठोकीत जावयाचें. निकोप लोखंड खणखणतें, कुजलेलें बद्द वाजतें. ही विद्या आम्हांस नवी नव्हती. कुंभाराकडून मडकें घेतांना आमची आई बोटाच्या पेरानें तें वाजवून पाही, आणि नारळ कानाशीं हलविल्यावांचून तिनें कधीं पिशवींत टाकला नाहीं. फरक इतकाच कीं मडक्याखालीं तिला निजावें लागत नसे. आम्हीं त्या वसंत ऋतूंत अकरा गाड्या वाजविल्या. एकीच्या चासींत हातोडी चक्क आंत गेली, तिचा मालक शांतपणें म्हणाला, "तेवढें एक सोडलें तर गाडी उत्तम आहे." नऊ बद्द वाजल्या, आणि एक खणखणीत होती तिचा भाव ऐकून आम्हींच बद्द झालों.

बारावी गाडी आम्हांला शहराच्या दक्षिणेकडील टेकड्यांत मिळाली. तिचे मालक सत्तरी उलटलेले गृहस्थ होते. आयुष्य नॉर्थ कॅरोलायनांत गेलें, आणि पत्नी वारल्यावर ते लेकीजवळ राहण्यास इकडे आले. डोळे अधू झाल्यामुळें गाडी चालवावयाची नाहीं असें ठरलें होतें. २००६ सालची ती पिक-अप सव्वा लाख मैल चाललेली, रंग उडालेली, बैठकीचें कापड फाटलेलें. परंतु आम्हीं खालीं शिरून हातोडी टाकली तेव्हां देवळांतल्या घंटेसारखी वाजली. दक्षिणेकडील राज्यांतल्या गाड्यांना मीठ माहीत नसतें, म्हणून त्यांना इकडे मागणी फार. कारखान्याचा काळा रंग चासीवर अजून जागच्या जागीं होता.

आम्ही बाहेर आलों. गृहस्थांनीं विचारलें, "काय करणार हिचें?"

आपल्याकडे शेतकरी बैल विकतांना घेणाऱ्याचें तोंड न्याहाळतो. किंमत ठरलेली असली तरी हा बैल नांगराला जाणार कीं आणखी कोठें, हें त्याला जाणून घ्यावयाचें असतें. तोच प्रश्न हा. "शेतावर वापरूं" असें कांहींतरी सांगणें सोपें होतें. आम्हीं खरें तें सांगितलें: पहांटे चारला उठून ही रुग्णालयांत जाईल, मिठांतून जाईल, आणि बाराहि महिने बाहेर उभी राहील. सौभाग्यवतींनीं आपल्या कामाबद्दल दोन वाक्यें सांगितलीं. गृहस्थ बराच वेळ गाडीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "माझ्या हातीं असती तर हिनें आणखी वीस वर्षें काढलीं असतीं. तुमच्याकडे आठ काढील. पण माझ्याकडे ती नुसतीच उभी राहणार." किंमत त्यांनीं एका डॉलरनेंहि उतरविली नाहीं. साडेसहा हजार डॉलर मोजून घेतले, आणि गाडीचे जुने सगळे कागद, अगदीं पहिल्या तेलबदलाच्या पावतीपासून, एका बिस्किटांच्या डब्यांतून आणून दिले.

गाडी निकोप असल्यामुळें आमच्या मनाला एक नवीच टोंचणी लागली. गंजलेली गाडी आणखी गंजली तर त्यांत आपलें काय जातें? ही मात्र आम्हीं निर्मळ अवस्थेंत आणली, आणि बिघडविण्याचें काम आमच्या हातून व्हावयाचें होतें. पैठणी नेसून शेणगोठा करण्यासारखा हा प्रकार. सौभाग्यवतींना मात्र हा विचार शिवला नाहीं. "ती वस्तु आहे," त्या म्हणाल्या, "आणि तिथं खुर्चींत बसतात तीं माणसं आहेत." वाद संपला, टोंचणी मात्र थोडी राहिली आहे.

गाडींत गिअरच्या दांड्याशेजारीं आणखी एक आंखूड दांडा आहे. तो पाहतांच आम्ही एकदम तालुक्याच्या गांवीं गेलों. आमच्या लहानपणीं तेथें सरकारी जीप येई, आणि तिच्यांत असाच जादा दांडा असे. तो ओढला कीं गाडी ओढ्यांतून, चिखलांतून हत्तीसारखी वर येई. युद्धांतल्या जीपचीच ही सारी प्रजा. मुंबईंत महिंद्र कंपनीनें स्वातंत्र्यानंतर विलिस जीप जोडून विकण्यास आरंभ केला. अमेरिकेंत त्याच्या थोडें आधीं, १९४६ सालीं, डॉज कंपनीनें आपल्या लष्करी ट्रकावरून 'पॉवर वॅगन' नांवाची चारी चाकांना जोर असलेली पिक-अप नागरी बाजारांत आणली होती.

या दांड्याच्या तीन जागा असतात. एरव्हीं इंजिनाचा जोर फक्त मागच्या चाकांना. दुसऱ्या जागीं पुढच्या व मागच्या दोन्हीं आंसांना. आणि तिसऱ्या जागीं तसाच चारी चाकांना, पण अत्यंत सावकाश आणि दुपटीहून अधिक ओढीनें, रुतलेली गाडी काढण्यासाठीं. गंमत अशी कीं कोरड्या सडकेवर दुसरी जागा वापरावयाची नाहीं. वळण घेतांना पुढचीं चाकें मोठ्या वर्तुळावरून जातात व मागचीं लहान वर्तुळावरून. पण या जुन्या पद्धतींत दोन्हीं आंस एकाच वेगाला जखडलेले असतात. एका जुवाला जुंपलेल्या दोन बैलांना निरनिराळ्या चालीनें चालावयास सांगावें तसें होतें. बर्फावर चाक थोडें घसरून तो ताण सोडवितें. कोरड्या डांबरावर तो ताण यंत्राला सोसावा लागतो, आणि कांहीं तरी मोडतें. घसरण्याची सोय असेल तेथेंच या गाडीची एकी चालते!

याहून महत्त्वाची गोष्ट आम्हांस मिस्त्रीनें शिकविली. चारी चाकांना जोर असला म्हणजे गाडी लवकर सुटते, लवकर थांबत नाहीं. ब्रेक तर सगळ्याच मोटारींच्या चारी चाकांना असतात; थांबविण्याच्या कामीं या दांड्याचा उपयोग शून्य. हंगामाचा पहिला बर्फ पडला कीं रस्त्याकडेच्या चरांत ज्या गाड्या दिसतात त्यांत अशा धिप्पाड पिक-अप हटकून असतात. गाडी भराभर पुढें जाते, चालविणाराला पराक्रमाचा भास होतो, आणि पहिलें वळण हिशेब चुकता करतें. त्यांतून पिक-अपची मागची हौदी रिकामी, म्हणून मागचा भाग हलका आणि चंचल. आम्हीं मागच्या आंसाच्या वर वाळूच्या पांच पोत्या ठेवल्या, सुमारें तीनशें पौंडांच्या; रुतलें तर तीच वाळू चाकाखालीं टाकावयास होते. आणि चारी टायर हिवाळ्याचे घेतले, कारण सात अंशांखालीं साध्या टायरचें रबर ताठर होऊं लागतें. गाडीच्या मानानें टायरांवर खर्च बराच झाला. परंतु दांडा आणि टायर यांतून एकच निवडावयाचें असतें तर आम्ही टायर निवडले असते.

गाडी आली, आणि घरांत एक नियमहि आला. सरकारनें प्रवासबंदी पुकारली, किंवा आमच्या दारांतून समोरच्या घराचा दिवा दिसेनासा झाला, तर दांडा ओढावयाचा नाहीं. रुग्णालयाच्या माणसांना बंदींतून सवलत मिळते. आमच्या नियमांत ती नाहीं. वादळाचा इशारा आला तर सौभाग्यवती आदल्या संध्याकाळींच कपड्यांची पिशवी घेऊन जातात आणि तेथेंच राहतात. हा नियम करणें सोपें होतें. पाळणें अवघड जातें, कारण गाडी दारांत उभी राहून रोज सांगत असते कीं मी जाईन. दुबळ्या गाडीनें घरीं बसविलें तर त्यांत मनाला कांहीं करावें लागत नाहीं. समर्थ गाडी असतां घरीं बसणें हें प्रत्येक वेळीं नव्यानें ठरवावें लागतें. गेल्या हिवाळ्यांत एका पहांटे समोरचा दिवा दिसत होता, नव्हता. सौभाग्यवती म्हणत होत्या दिसतो, आम्ही म्हणत होतों नाहीं. अखेर वीस मिनिटें दोघेंहि खिडकीशीं उभीं राहिलों. दिवा स्पष्ट दिसला तेव्हांच गाडी निघाली. त्या दिवशीं पहिल्या पाळीचे रुग्ण वीस मिनिटें उशिरा यंत्रावर गेले.

गाडीची निगा आम्ही जमेल तितकी ठेवतों. दर शरदांत खालच्या सर्व भागांवर मेंढीच्या लोकरींतून निघणारें लॅनोलिनचें वंगण फवारून घेतों. त्याचा वास थेट धनगरवाड्याचा. थंडी जरा सैल झाली कीं खालून पाण्याचे फवारे मारून मीठ धुतों. आणि गाडी उबदार बंदिस्त जागेंत ठेवीत नाहीं. लोकांना यांत निष्ठुरपणा वाटतो. पण कडक थंडींत गंज मंद चालतो, आणि उबेंत खारा बर्फ वितळून त्याला जोर चढतो. बाहेर कुडकुडत उभी राहिली तरच ती अधिक टिकते.

न्यू यॉर्क राज्यांत गाडीची दरवर्षीं तपासणी करून घ्यावी लागते. दोन हिवाळे पार पडल्यावरच्या तपासणींत मिस्त्रीनें हातोडी घेऊन सगळी चासी वाजविली. ती खणखणली, फक्त डाव्या मागच्या चाकाजवळ, पाट्यांची स्प्रिंग जेथें टांगलेली असते तेथें, त्याला रुपयाएवढा पहिला खवला सांपडला. तो खरवडून त्यानें रंग दिला, ब्रेकच्या मागच्या नळ्या काढून न गंजणाऱ्या तांबें-निकेलच्या घातल्या, आणि म्हणाला, "आणखी सहा हिवाळे." सौभाग्यवतींच्या निवृत्तीला सात राहिले आहेत. त्यांनीं हा हिशेब तेथेंच बोटांवर केला आणि मिस्त्रीला सांगितलें कीं एक कमी पडतो, काय करतां येईल तें पाहा.

टेकड्यांतल्या त्या गृहस्थांना आम्ही नाताळच्या सुमारास पत्र पाठवितों, आणि त्यांत गाडीच्या प्रकृतीची एक ओळ असते. आतां डोळ्यांनीं वाचवत नाहीं, म्हणून लेक त्यांना तें वाचून दाखविते. यंदाच्या पत्रांत त्या रुपयाएवढ्या खवल्याचा उल्लेख करावा कीं करूं नये, याबद्दल आमच्या घरांत अद्याप एकमत झालेलें नाहीं.